बाहेर तोंड केलेल्या चपला

त्या चपला मी लांबूनच ओळखल्या. डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि तो लाल वायरनं शिवलेला होता. तसली वायर गावात दुसरीकडं कुठं असणं शक्य नव्हतं, कारण आमच्या रेडिओच्या एरियलची उरलेली ती वायर मीच कल्लव्वाला तिच्या नवऱ्याच्या चपलेसाठी दिली होती. चपला पानमळ्याच्या ताटीबाहेर होत्या. मळ्याकडं तोंड करून, एकीला एक लावून, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा नीट.

माझ्या डोक्यावर भाकरीची पाटी होती. वैशाखाची दुपार, वारं पडलेलं, पाटातलं पाणीसुद्धा झोपेत चालल्यासारखं. बाजाराचा दिवस असल्यानं शिवारात चिटपाखरू नव्हतं. मला वाटलं, उन्हानं भास होतोय. मी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. चपला तिथंच होत्या.

आत सिद्दू होता, आणि सिद्दूनं त्या दिवशी त्या मळ्यात असायला नको होतं.

ज्यांनी खाऊच्या पानांचा मळा पाहिला नाही त्यांना त्याची गंमत सांगून कळायची नाही. चारी बाजूंनी कडब्याच्या ताट्यांचा आडोसा, आत शेवरी आणि पांगाऱ्याची उंच सडपातळ झाडं, आणि प्रत्येक झाडावर चढलेली पानवेल. वरचं ऊन खाली येईपर्यंत हिरवं होऊन जातं. बाहेर अंगाची लाही होत असली तरी आत पाय टाकला की गार ओल आणि पानांचा तिखटसर वास. नवी नवरी असताना पहिल्यांदा मला तिथं नेलं, तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती उभी राहिले होते. सासूबाई म्हणाल्या, पोरीला मळा लागला वाटतं. आमच्याकडं मळ्याला देव मानतात. आत चपला घालून कुणी जात नाही. लेकरू असो, तलाठी असो, मिरजेचा व्यापारी असो, पायताण ताटीबाहेर. त्यामुळं आत कोण आहे हे आमच्या हारुगवाडीत कुणाला विचारावं लागत नाही. ताटीकडं बघितलं की कळतं.

सिद्दू म्हणजे सिद्धगोंडा मगदूम, इराप्पा अण्णांचा धाकटा भाऊ. त्या साली दोघांची वाटणी झाली होती. मळा थोरल्याकडं गेला, माळावरची जमीन धाकट्याला आली. जमीन मोजायला गेलं तर सिद्दूचीच जास्त भरत होती, म्हणून पंच खूश होते. पण त्या मळ्यातली वेल न् वेल सिद्दूनं लावलेली. दुष्काळात विहीर आटली तेव्हा अण्णा म्हणाले होते, सोडून दे नाद. यानं खांद्यावर कावड घेऊन ओढ्यातलं पाणी घालून मळा जगवला होता. पंचांच्या टेपात हे कुठं बसणार?

वाटणीनंतर सिद्दू बोलायचा बंद झाला. आणि मग एके दिवशी पारावर, चारचौघांत, शांतपणे बोलला. म्हणाला, ‘माझ्या हातानं वाढवलाय, माझ्याच हातानं कापीन.’

आमच्या भागात हे शब्द हसण्यावारी नेत नाहीत. वेल मुळाशी कापायला कोयत्याचा एक हात पुरतो. सकाळपर्यंत सगळा मळा आडवा. आणि एकदा मळा कापला की मग भाऊ भाऊ राहत नाहीत, कोर्ट, तुरुंग, पुढच्या पिढीचं वैर, सगळं ओळीनं येतं. इराप्पा अण्णा घाबरले आणि त्यांनी मिरजेला जाऊन पोलीस ठाण्यात अर्ज दिला.

कल्लव्वा ही सिद्दूची बायको. ती आणि मी एकाच माहेरगावच्या. ती पोटुशी होती. एका संध्याकाळी आमच्या मागच्या दारी येऊन बसली आणि कितीतरी वेळ गोठ्यातल्या म्हशीकडंच बघत राहिली. मग म्हणाली, नवरा झोपत नाही, जेवत नाही, कोयत्याला धार लावत बसतो.

‘अक्का, तुमच्या मामास्नी सांगा,’ ती म्हणाली. ‘हे आत गेले तर हे पोट घिऊन मी कुठं जाऊ?’

मामा म्हणजे माझे सासरे, बसगोंडा पाटील, गावचे पोलीस पाटील. गावात गुन्हा होऊ नये हे बघायचं, हेच त्यांचं काम. ते काम ते कसं करायचे, हे मला लग्न होऊन कितीतरी दिवस झाले तरी उमगलं नव्हतं. त्यांनी कधी कुणावर आवाज चढवला नाही. काठी होती, ती माकडं हाकलायला वापरायचे. कुणी भांडण घेऊन आला की त्याला सोप्यावर बसवायचे, चहा सांगायचे आणि आत येऊन माझ्या कानात म्हणायचे, ‘महानंदा, त्याच्या चपला फिरव.’

म्हणजे काय, तर आलेल्या माणसानं घराकडं तोंड करून काढलेल्या चपला मी रस्त्याकडं तोंड करून ठेवायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, पाहुण्याला हाकलायची ही पाटलांची रीत असेल. मी एकदा विचारलंच. तर मामा म्हणाले, चपला घालायला माणूस वळला की त्याचं तोंड परत घराकडं होतं, आणि राहिलेलं भांडण त्याला आठवतं. चपला सरळ पायात आल्या तर तो सरळ घरी जातो. मला हसू आलं. मी म्हटलं, मामा, एवढं सोपं असतं तर सरकारनं पोलिसांऐवजी सुनाच नेमल्या असत्या. ते पण हसले. पण चपला फिरवायचं काम माझ्याकडं कायम राहिलं, आणि पुढं पुढं मला कुणी सांगावंही लागेना. उंबऱ्यापाशी चपला दिसल्या की हात आपसूक जायचा.

बाजाराच्या आदल्या दिवशी फौजदार सोनटक्के आमच्याकडं आले होते. तरुण होते, नुकतेच बदलून आलेले, सभ्य माणूस. मामांचा पाय पाटात घसरून मोडला होता, प्लॅस्टर घालून ते सोप्यावर बाजल्यावर पडून असायचे. फौजदारांनी बाहेर बूट काढले. चहा घेऊन बाहेर आले तर बूट रस्त्याकडं तोंड करून. त्यांनी विचारलं, ‘पाटील, मी जावं असं वाटतंय का तुम्हाला?’ मामांनी गडबडीनं त्यांना पुन्हा बसवलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मी स्वयंपाकघरात पळाले. पण कान बाहेरच होते.

फौजदारांचा बेत असा होता. बाजारच्या दिवशी इराप्पा अण्णा पानं घेऊन मिरजेला जातात, गडी बाजाराला. मळा मोकळा. तो मोकळाच ठेवायचा. दुपारनंतर दोन पोलीस विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत दडून बसतील. सिद्दू आला की कोयत्यासकट धरायचा.

मामा म्हणाले, ‘साहेब, दार उघडं टाकून माणसाला बोलवायचं आणि आला की धरायचं, ही राखण झाली व्हय?’

फौजदारांनी त्यांना नीट समजावलं. ते काही वेडंवाकडं बोलत नव्हते. त्यांचं म्हणणं, आज अडवला तर उद्या येईल, उद्या अडवला तर परवा. रोज कोण बसणार? एकदा धरला आणि शिक्षा झाली की तो तर सुधारेलच, पण पंचक्रोशीत पुन्हा कुणी मळ्याला हात लावणार नाही. मामांनी विचारलं, धरायचा कधी, कापायच्या आधी की नंतर? फौजदार म्हणाले, निदान एक-दोन वेली कापल्या पाहिजेत. नाहीतर कोर्टात काय दाखवणार?

‘म्हणजे तुम्हाला गुन्हा व्हायला पाहिजे,’ मामा म्हणाले.

‘मला गुन्हेगार सापडायला पाहिजे,’ फौजदार म्हणाले.

फौजदार गेल्यावर मामा प्लॅस्टरवर बोटं वाजवत आढ्याकडं बघत राहिले. त्यांचा पाय धड असता तर ते दुसऱ्या दिवशी दिवसभर मळ्याच्या ताटीपाशी पान खात बसले असते, एवढं मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं व्हायच्या आतच त्यांनी मला हाक मारली. पोलिसांना भाकरी नेऊन द्यायची होती. मी म्हटलं, पोलीस तर दुपारनंतर येणार, आत्ता कशाला? ‘आत्ताच जा,’ ते म्हणाले. ‘आणि मुक्यानं जाऊ नगो. बांगड्या वाजीव, गाणं म्हण, म्हसरास्नी शिव्या दे. कायबी कर, पर तू आलीयास हे शिवाराला कळू दे.’

भर उन्हात रानातून गाणी म्हणत जायची म्हणजे लोक मला खुळी म्हणतील, असं मी फणकाऱ्यानं बोलले आणि पाटी घेऊन निघाले. रागानं तोंड मिटून गेले. एक शब्द काढला नाही की बांगडी वाजवली नाही. म्हणूनच सिद्दूला मी आल्याचं कळलं नाही.

तर मी त्या चपलांसमोर उभी होते.

हाक मारायला पाहिजे होती. ‘भावजी’ एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडच उघडेना. आतून काही आवाज येत नव्हता. पानसुद्धा हलत नव्हतं. मला वाटलं, तो आत नाहीच, नुसत्या चपला येऊन बसल्यात. मग वाटलं, मी हाक मारली आणि तो कोयता घेऊन बाहेर आला, तर मी त्याला काय विचारू? आणि तो मला काय सांगेल? कल्लव्वाच्या माहेरच्या बाईनं त्याला असं बघितलं, तर तो पुन्हा माझ्या तोंडाकडं बघेल का? शिवाय कॅनॉलच्या रस्त्यावर, लांब, धुळीचा एक लोट उठला होता. जीप असणार. ते लोक ठरल्यापेक्षा लवकर येत होते.

मी ताटी लोटली. ती करकरली. त्या शांततेत तो आवाज एवढा मोठा वाटला की माझा हात मागं आला आणि ताटी आपोआप मिटली. माझा सगळा धीर तिथंच संपला. आणि मग माझ्या हातांनी जे केलं ते मी ठरवून केलं असं मला आजही म्हणता येत नाही. मी खाली वाकले, त्या चपला उचलल्या आणि फिरवून ठेवल्या, बाहेर तोंड करून. पाटी सावरत मोटारीच्या खोलीमागं गेले आणि भिंतीला चिकटून उभी राहिले.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. एक होला घुमत होता. माझ्या पायाशी पाटाचं पाणी मातीत मुरत होतं आणि त्याच्यावर उन्हाची चकाकी हलत होती. मला एकदम माहेरची विहीर आठवली, तिथला पांगारा आठवला, आई आठवली. आपण इथं कशाला उभ्या आहोत हेच क्षणभर आठवेना.

मग ताटी पुन्हा करकरली आणि सिद्दू बाहेर आला. हातात कोयता होता. पाय चिखलानं भरलेले. त्यानं आधी लांबवर नजर टाकली, पाटाच्या कडेनं, ओढ्याकडं, गावाकडं. कुणी नव्हतं. मग त्यानं खाली बघितलं.

तो त्या चपलांकडं बघतच राहिला. मला त्याचं तोंड अर्धंच दिसत होतं. त्याच्यावर राग नव्हता, भीती नव्हती. झोपेतून उठलेल्या मुलाचं तोंड असतं तसं ते दिसत होतं, कुठं आहोत हे न कळलेलं. मग तो हळूच खाली बसला. एका चपलेवरून त्यानं हात फिरवला. कपाळ गुडघ्याला टेकलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. मी दुसरीकडं बघितलं. कुणाचं असं बघू नये.

तो उठला, कोयता खाकेत धरला, सरळ चपलांत पाय घातले आणि मागं न वळता माळाच्या वाटेनं निघून गेला.

जीप आली तेव्हा मी ताटीसमोर पाटी घेऊन बसले होते. फौजदारांनी विचारलं, कुणी आलं होतं का? मी म्हटलं, भाकरी घेऊन मी आलेय, दुसरं कोण येणार? त्यांना काहीतरी वास आला असावा. ते तसेच आत निघाले. हवालदारानं मागून हळूच म्हटलं, ‘साहेब, बूट.’ फौजदारांनी वैतागून बूट काढले, मोजे काढले आणि पाय उचलत उचलत आत गेले. ओल्या मातीत पावलं होती, पण तिथं सगळ्यांचीच पावलं अनवाणी असतात. त्यांनी सगळ्या ओळी फिरून बघितल्या. मळा हिरवागार उभा होता. संध्याकाळपर्यंत ते मोटारीच्या खोलीत बसले, माझ्या भाकऱ्या संपवल्या आणि परत गेले.

मी घरी येऊन मामांना सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, ‘चपला काढून आत गेलता?’

‘होय.’

‘मग एवढं भ्यायचं कारण न्हाई,’ ते म्हणाले. मला त्याचा अर्थ लागला नाही.

पण भीती पुढंच होती. दोन दिवसांनी मी पूजेची पानं आणायला मळ्यात गेले, तर तिसऱ्या ओळीतली एक वेल मान टाकून उभी होती. मुळाशी कापलेली वेल लगेच सुकत नाही. पाऊण-एक दिवस ती हिरवीच राहते, तिला स्वतःलाच ठाऊक नसावं अशी. फौजदार तिच्या शेजारून गेले होते. आता इराप्पा अण्णा बघणार, ठाण्यात जाणार, आणि सिद्दूला न्यायला जीप येणार. मी कल्लव्वाकडं गेले, पण तिला काही सांगू शकले नाही. तिनं मला आंबील दिली. नवरा झोपायला लागलाय म्हणाली. बाजारादिवशीपासून चांगला झोपतोय. ती हसत होती, आणि तिच्या हसण्याकडं मला बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आमच्याकडं आले. मी त्यांच्या चपला फिरवल्या नाहीत. फिरवायची हिंमतच झाली नाही. ते सोप्यावर बसले आणि बराच वेळ पंच्याच्या टोकानं चष्मा पुसत राहिले.

‘पाटील, माझा अर्ज मागं घ्यायचाय,’ ते म्हणाले.

मामांनी विचारलं, का?

‘मळ्यात काय झालंच न्हाई. होणारबी न्हाई.’

मामा गप्प बसले. ते गप्प बसले की समोरचा बोलायचा. अण्णांनी चष्मा लावला, पुन्हा काढला. मग सांगायला लागले. एक वेल कापलेली सापडली होती. तिच्या बुडाशी पाऊल उमटलेलं होतं, करंगळी बाहेर फाकलेलं डावं पाऊल. ते पाऊल त्यांनी तान्हं असल्यापासून बघितलं होतं. त्यांनी ती वेल उपटून टाकली, तिथं नवं बेणं लावलं आणि पाऊल पायानंच पुसून टाकलं.

‘कापायला आला हुता,’ अण्णा म्हणाले. ‘पर पायताण बाहीर काढून आला हुता, पाटील. मळा माराय आलेला माणूस मळ्यासाठी पायताण काढतोय व्हय? मी त्या मळ्याचा मालक हाय म्हणतोय, आणि परवा घाईत चपलासकट आत गेलतो. कुणी बगत न्हाई म्हणून.’

मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले आणि चुलीपुढं बसून मनसोक्त रडले.

पुढं काय झालं ते गावानं बघितलं. अण्णा आपण होऊन माळावर सिद्दूच्या खोपटात गेले. काय बोलले, कुणाला ठाऊक नाही. पंच पुन्हा बसले नाहीत, टेप पुन्हा निघाला नाही, पण पावसाळ्याआधी सिद्दू मळ्यात कामाला लागला आणि बाजाराला जाणाऱ्या पानांच्या अर्ध्या डागांवर, म्हणजे गठ्ठ्यांवर, त्याचं नाव पडायला लागलं. कल्लव्वाला मुलगी झाली. त्या दिवशी काय झालं हे भावाभावांत कधी निघालं नाही. फौजदार सोनटक्के पुढं बदलून गेले. जाताना भेटायला आले तेव्हा मामांना म्हणाले, तुमच्या गावात उगीच धावपळ केली, तिथं काही होणारच नव्हतं. मामा म्हणाले, असंल साहेब. मला एवढा राग आला की मी त्यांचे बूट फिरवून ठेवले.

मामा गेले त्याला आता खूप वर्षं झाली. पुढं बायकांना पोलीस पाटील करायला लागले तेव्हा गावानं माझं नाव दिलं. तालुक्याला आमचं शिबिर होतं, तिथं एका मोठ्या साहेबांनी फळ्यावर लिहून विचारलं, गुन्हा रोखणं म्हणजे काय, प्रत्येकानं आपला अनुभव सांगा. कुणी गस्तीचं सांगितलं, कुणी दिव्यांचं, कुणी दारूच्या दुकानाचं. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि म्हटलं, आमच्या गावात तसं काही घडत नाही. लोक हसले. साहेब म्हणाले, नशीबवान आहात.

गेल्या साली इराप्पा अण्णा गेले. तिसऱ्या दिवसाचं उरकल्यावर माणसं पांगली. मी कल्लव्वाला भेटून निघाले, तर मळ्याच्या ताटीबाहेर सिद्दू एकटाच बसलेला दिसला. डोकं पांढरं झालेलं, अंगावर शाल. दुपार होती, तशीच वारा पडलेली. मी शेजारी टेकले. आतल्या हिरव्या उजेडात शेवरीची पानं तेवढी मधूनच हलत होती.

मग तो आपणच बोलला. ‘वैनी, एक गोष्ट कुणाला सांगितली न्हाई. आता अण्णा न्हाई म्हणून सांगतो. मी ह्या मळ्यात एकदा कोयता घिऊन आलतो.’

मी पाटाकडं बघत राहिले.

‘एक वेल कापली. कापली आणि हातातलं बळच गेलं माझ्या. कावडीनं पाणी घातलेली वेल ती. पर मन म्हणत हुतं, आता एक कापलीच हाय, तर सगळ्याच काप. तवर ताटी वाजली. कोणतरी आलं आणि बोललं न्हाई. बाहीर यिऊन बघतो तर कोण न्हाई. नुसत्या माझ्या चपला. बाहीर तोंड करून ठिवलेल्या.’

शालीच्या टोकानं त्यानं डोळे पुसले.

‘आमचा बा लई तापट. लहानपणी मी कायतर खोडी केली आणि बा काठी घिऊन उठला, की अण्णा आदी दाराशी जायचा आणि माझ्या चपला फिरवून ठिवायचा. मला पळाय सोपं पडावं म्हणून. मग माझा मार तो खायचा. त्या दिवशी चपला बघितल्या आणि मला समजलं, अण्णा यिऊन गेला. त्यानं मला कोयत्यासकट बघितलं, आणि हाक न मारता चपला फिरवून गेला. मिरजंला म्हणून निघालेला माणूस अर्ध्या वाटंतनं कशाला परतला, काय की. त्यानं कवा काढलं न्हाई, मीबी कवा विचारलं न्हाई. विचारायचं राहून गेलं, वैनी.’

माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. चाळीसएक वर्षं ते माझ्यापाशीच होतं, आणि आता ऐकायला समोर माणूस होता. मी त्याच्याकडं बघितलं. तो ताटीपाशी, चपला ठेवतात त्या जागेकडं बघत होता, आणि त्याच्या तोंडावर त्या दुपारी बघितलं होतं तेच होतं, झोपेतून उठलेलं लेकरू.

‘अण्णाच आले असतील भावजी,’ मी म्हटलं. ‘तुमच्या चपला दुसरं कोण फिरवणार?’